सोन्याच्या भावात १८ कॅरेटचा पण आकडा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज सोन्याचा भाव येतो, २४ अन् २२ कॅरेटचा. त्याच्याखाली १८ अन् १४ चा पण छापत जा, एवढ्यासाठी लिहून राहिलो. आता तालुक्याच्या सराफ्यात सुद्धा गुलाबी सोनं आलं, रोज गोल्ड म्हणतात, लग्नाच्या पोरी तेच मागून राहिल्या, कापसाचे पैसे हाती आले की घरचे पण हो म्हणतात, अन् बिलावर काय तर नुसतं 'रोज गोल्ड अंगठी', कॅरेटचा पत्ताच नाही. बाजूच्या गावात एका घरी अंगठी मोडायला नेली तेव्हा कळलं की १८ ची आहे, घेताना भाव २२ चा लावला होता!

गुलाबी सोनं खोटं असते असं बिलकुल नाही. म्हातारी माणसं लालसर दिसलं की तांबं घातलं म्हणतात, तर तांबं असतेच, त्याच्यानंच तो रंग येते. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं, बाकी २५ मध्ये बहुतेक तांबं अन् थोडी चांदी. त्याच २५ मध्ये चांदीच जास्त घातली तर हिरवट झाक येते, पॅलेडियम नाहीतर निकेल घातलं तर पांढरं होते. पांढऱ्यावर रोडियमचा मुलामा असते, तो वापरून झिजला की खालचा पिवळट रंग दिसायला लागते, अन् निकेलनं काहींच्या अंगाला खाज सुटते, हे दुकानदारानं आधीच सांगायला पाहिजे. रंग पाहून कस ठरवता येत नाही, २२ चं पण लालसर असू शकते अन् १४ चं पण पिवळं.

म्हणून शिक्का पाहा, म्हणजे हॉलमार्क, त्यात हजारात किती सोनं ते असते. २२ ला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५. हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं आली, एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दर डागिन्याचा वेगळा नंबर, पण लागते, तो नंबर सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कॅरेट दिसते. २ ग्रॅमच्या आतल्या डागिन्याला मात्र सक्ती नाही, तिथं बिलावर कॅरेट लिहूनच घ्या.

१८ चा भाव म्हणजे २४ च्या पाऊणपट, पण दुकानात गादीवर बसून कोण हिशोब करते? पेपरात छापलेला आकडा असला तर माणूस दाखवून बोलू शकते. लग्नसराईच्या आधी सुरू केलं तर लय बरं होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ