कावळ्याला नको, आईला सांग

ती. स्व. काका,

जय भीम आणि साष्टांग नमस्कार.

तुम्ही ऐरोलीला मुलाकडे राहायला गेलात आणि आमच्या समोरच्या दाराला कुलूप लागलं. ठाण्याहून ऐरोली गाडीने दोनच स्टेशनं, तरी येता-जाता ते कुलूप दिसलं की चुकल्यासारखं होतं. समोर बसून आभार मानू म्हटलं तर तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. त्या दिवशी घाटावर तुम्ही मला चारचौघांतच सावरलं होतंत.

बाबांच्या आजारपणात तुम्ही काय काय केलंत ते मोजत बसत नाही. रात्री अडीच वाजता आणलेली अँब्युलन्स, रक्तासाठी केलेले फोन, आयसीयूबाहेर आईशेजारी बसून काढलेल्या रात्री. आई हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. मला लिहायचंय ते दहाव्याबद्दल.

कळव्याच्या खाडीकाठी पिंड मांडला होता. भात, वर दही, बाजूला बाबांना आवडायचा म्हणून आईने केलेला रव्याचा लाडू. समोरच्या कठड्यावर पाच-सहा कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मग सुरू झालं. "काहीतरी राहिलंय त्यांचं." "आईला सांभाळीन म्हण." "जमिनीचं बोल." एका नातेवाइकांनी तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, की घरात देव न मानणारं माणूस असलं की असंच व्हायचं. बाबा आजारी असतानाही हेच कानावर आलं होतं. मी अंगारा लावू दिला नाही म्हणून गुण येत नाही, असं. हात जोडून उभी होते, पण तोंडातून शब्द फुटेना. कावळ्यात बाबा आहेत असं मला वाटत नव्हतं, आणि बाबांच्या पिंडासमोर खोटं बोलायचं नव्हतं.

तेव्हा तुम्ही मागून येऊन हळूच म्हणालात, "कावळ्याला नको सांगूस. आईला सांग."

आई पायरीवर बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, बाबा म्हणायचे तसा रोज संध्याकाळी तुझ्याबरोबर हरिपाठ म्हणेन. आईने माझा हात घट्ट धरला. कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी शांतपणे दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि पुढचे मंत्र सुरू केले. मी त्या दर्भाच्या कावळ्याकडे बघत राहिले. कावळा येणार नाही हे गृहीत धरून कुणीतरी फार पूर्वीच सोय करून ठेवली होती. चमत्कार झाला नाही तरी विधी अडत नाही, माणसं आंघोळ करून घरी जाऊ शकतात.

तुमच्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या समोर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तुम्ही आठ वर्षांचे होतात आणि त्यांचं बोट धरून गर्दीत होतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे, हे मात्र नंतर लक्षात आलं आणि मी ओशाळून तुम्हाला विचारलं, मग तुम्ही घाटावर कसे आलात? तुम्ही म्हणालात, "पिंडदान करणार नाही अशी माझी प्रतिज्ञा आहे. तुझ्या बाबाच्या पिंडापाशी उभं राहणार नाही अशी नाही." काका, धर्म पाळणं म्हणजे काय, याचं इतकं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

पहिले काही महिने हरिपाठ म्हणताना आपण आईला फसवतोय असं वाटायचं. जो ऐकतो यावर माझा विश्वास नाही त्याला रोज हाका मारायच्या! तुम्ही पहाटे त्रिसरण-पंचशील म्हणता, ते कोण ऐकतं, असं मी तलावपाळीच्या कट्ट्यावर विचारलं होतं. "मी ऐकतो," म्हणालात. मग पंचशीलातलं 'सिक्खापदं समादियामि' उलगडून सांगितलंत. ही कुणाची आज्ञा नाही; हा शिकण्याचा पाठ मी स्वतःहून अंगावर घेतो, असा त्याचा अर्थ. काल पाळला गेला नसेल, म्हणून आज पुन्हा घ्यायचा. बाबासाहेबांनी धम्मात ईश्वराच्या जागी नीतीला बसवलं, हेही तेव्हाच सांगितलंत. आणि पाली ग्रंथांत देव-देवता आहेत, सगळेच बौद्ध तुमच्यासारखा विचार करत नाहीत, हेही लपवलं नाहीत.

त्यानंतर मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून वाचायला लागले. दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ सालीच बौद्धांकडे बोट दाखवून म्हटलं होतं, की देव किंवा अलौकिक यांवरून धर्माची व्याख्या करता येत नाही. काहीतरी पवित्र मानणं आणि त्याभोवती माणसांनी एकत्र बांधलं जाणं, हे त्याच्या मते खरं लक्षण. जैनांना जगाचा निर्माता लागत नाही. आणि यज्ञयागाचे कट्टर समर्थक ते पूर्वमीमांसक. त्यांनाही लागत नाही, याचं मला फार नवल वाटलं. अर्थात स्वर्ग आणि यज्ञाचं अदृष्ट फळ ते मानतच होते. देव नसला म्हणजे अलौकिक गेलंच असं नाही, हा फरक मला तिथे कळला.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, मग याला संस्कृती म्हण, धर्म कशाला? मला ते पटत नाही. पाडव्याला गुढी उभारली, स्वागतयात्रेत फिरून आले, की संस्कृतीचं माझ्याकडे काही मागणं उरत नाही. हरिपाठ मात्र रोज मागतो. सातच्या आत घरी ये, फोन बाजूला ठेव, ज्या आईशी सकाळी भांडलीस तिच्या शेजारी त्याच चटईवर बस. पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहण्याची गोष्ट आहे. पुढच्या मुक्तीचं मला काही सांगता येत नाही, पण क्षणभर उभं राहणं जमायला लागलंय. बाबांच्या वहीत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर तेलाच्या बोटाचा डाग आहे. पान उलटताना माझं बोट नेमकं तिथेच पडतं.

आईचा विठोबा मात्र खराखुरा ऐकतो. ऐकणारा नसेल तर तिच्या लेखी धर्मच उरणार नाही, आणि तिचं चुकतंय असं म्हणायचा मला अधिकार नाही. आम्ही दोघी एकच ओळ म्हणतो. ती त्याला सांगते आणि मी तिला.

काका, माझी श्रद्धा तुम्ही मला परत दिलीत असं मी म्हणत नाही, कारण ती तशी कधी नव्हतीच. तिच्याशिवायही मला या घरातल्या देवघरासमोर खरेपणाने बसता येईल, एवढं तुम्ही दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आईने तुमच्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. रविवारी दुपारी घेऊन येते. साडेपाचच्या गाडीने निघावं लागेल, सातला आई वाट बघते.

तुमची,
समोरच्या घरातली लेक