भाजल्याचा जुना व्रण चिघळला तर

महोदय,

गुऱ्हाळावर उकळता रस उडून भाजलेली माणसे करवीर-पन्हाळ्यात गावोगाव आहेत. अशा व्रणात 20-30 वर्षांनीही स्क्वॅमस सेल (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशी) प्रकारचा त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या गुळव्या काकांच्या पोटरीवरच्या अशाच जुन्या व्रणातली जखम महिनोन्‌महिने भरेना. कडा जाड, टणक, हात लागला की रक्त. घरचे हळदच लावत राहिले! वर्षानुवर्षांचे ऊनही या रोगाचे एक मोठे कारण. कडेचा छोटा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीने निदान पक्के होते. पायाचा रोग पसरला आहे का, हे पाहायला जांघेतल्या गाठीही तपासतात. वेळीच शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. गळीत हंगामातल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाबाबरोबर कामगारांचे जुने व्रणही डॉक्टरांनी आवर्जून पाहावेत.

– एक वाचक, कोल्हापूर