एफए चषक : फेरलढत कोणाच्या सोयीसाठी गेली?

मा. संपादक,
स. न.

इंग्लंडच्या एफए (फुटबॉल असोसिएशन) चषक या फुटबॉल स्पर्धेत बरोबरीत सुटलेला सामना काही दिवसांनी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर पुन्हा खेळवण्याची प्रथा २०२४-२५ च्या हंगामात पहिल्या मुख्य फेरीपासूनच बंद करण्यात आली. आपल्या क्रीडा पानावरील लेखात या निर्णयाचे स्वागत करताना फेरलढतीला ‘कालबाह्य’ ठरवले आहे. युरोपीय स्पर्धांमधील सामने वाढल्याने मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकात जागा उरली नाही, हे त्यात दिलेले कारण खरेच आहे. मात्र फेरलढतीने आजवर कोणाचे भले केले, या प्रश्नाला लेखाने स्पर्शही केलेला नाही.

गंमत अशी की, पहिल्याच वर्षी फेरलढत दुबळ्याच्या मुळावर आली होती. फुटबॉल असोसिएशनचे सचिव चार्ल्स अल्कॉक यांनी हॅरो शाळेतील अंतर्गत सामन्यांच्या धर्तीवर १८७१ मध्ये ही बाद पद्धतीची स्पर्धा सुचवली आणि १५ क्लबांनी तीत नावे दिली. ग्लासगोचा क्वीन्स पार्क संघ उपांत्य सामन्यासाठी लंडनला आला, वाँडरर्सशी त्याची गोलशून्य बरोबरी झाली आणि फेरलढतीचा खर्च झेपणारा नसल्याने तो माघार घेऊन परत गेला. वाँडरर्सने १६ मार्च १८७२ रोजी ओव्हल मैदानावर रॉयल इंजिनिअर्सचा १-० असा पराभव करून चषक जिंकला. त्यांचे कर्णधार होते खुद्द अल्कॉक, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

पुढे खेळ व्यावसायिक झाला, प्रेक्षक तिकीट काढून मैदानावर येऊ लागले आणि हे गणित पार उलटले. सामना कोणाच्या मैदानावर व्हायचा हे या स्पर्धेत सोडतीवर ठरते आणि तिकीटविक्रीचे उत्पन्न दोन्ही संघांत वाटले जाते. त्यामुळे लहान क्लबाने मोठ्याच्या मैदानावर बरोबरी साधली, तर तो मोठा संघ त्याच्या दारी येई. आणि घरच्या मैदानावर बरोबरी साधली, तर मोठ्या स्टेडियमच्या उत्पन्नात वाटा मिळे. जानेवारी २००५ मध्ये वरच्या चार विभागांच्या लीगबाहेर फेकल्या गेलेल्या, समर्थकांच्याच मालकीच्या एक्सेटर सिटीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखले. फेरलढत एक्सेटर ०-२ अशी हरला खरा, पण या दोन सामन्यांच्या कमाईने कर्जात बुडालेल्या क्लबाला सावरले.

या चषकातील सर्वांत गाजलेला धक्कादायक निकालही फेरलढतीतलाच आहे. १९७२ मध्ये सदर्न लीग या खालच्या स्तरावरील प्रादेशिक लीगमधील हेरफर्ड युनायटेडने प्रथम विभागातील, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीतील न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर २-२ असे रोखले. ५ फेब्रुवारीला हेरफर्डच्या चिखलाने भरलेल्या मैदानावर माल्कम मॅक्डोनाल्ड यांनी न्यूकॅसलला आघाडी मिळवून दिली तेव्हा सामना संपायला काही मिनिटेच उरली होती. तेवढ्यात पेशाने सुतार असलेल्या रॉनी रॅडफर्ड यांनी सुमारे तीस यार्डांवरून बरोबरीचा गोल केला आणि बदली खेळाडू रिकी जॉर्ज यांनी जादा वेळेत विजयी गोल मारला. पहिला सामना न्यूकॅसलमध्येच पेनल्टींवर निकाली निघाला असता, तर रॅडफर्ड यांचे नाव आज कोणाला ठाऊक असते?

अतिरेकही झाला, हे मान्य केले पाहिजे. १९७१ मध्ये पात्रता फेरीतील अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांची लढत सहा सामने, म्हणजे एकूण अकरा तास चालली. म्हणून १९९१-९२ पासून एकाच फेरलढतीची मर्यादा घालून नंतर पेनल्टी शूटआउटची तरतूद झाली, ते योग्यच होते. अंतिम सामन्याची फेरलढत गेल्याचेही मला दुःख नाही.

परंतु सरसकट बंदीचा परिणाम १२ जानेवारी २०२५ रोजीच दिसला. पाचव्या श्रेणीतील टॅमवर्थने घरच्या मैदानावर प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीतील टॉटनहॅमला नव्वद मिनिटे गोल करू दिला नाही. जुन्या नियमाने त्यांना साठ हजारांहून अधिक प्रेक्षकक्षमतेच्या टॉटनहॅम स्टेडियममध्ये दुसरा सामना मिळाला असता. नव्या नियमाने जादा वेळ खेळावा लागला आणि ते ०-३ असे हरले. प्रीमियर लीगचे क्लब तिसऱ्या फेरीत उतरतात. निदान त्या फेरीत, वरच्या दोन विभागांबाहेरील संघाने प्रीमियर लीगच्या संघाशी बरोबरी साधल्यास फेरलढत ठेवता आली असती, आणि अशा बरोबऱ्या मोजक्याच होतात. हा निर्णय घेताना आपल्याला विश्वासात घेतले नाही, अशी तक्रार खालच्या विभागांतील क्लबांनी एप्रिल २०२४ मध्येच केली होती. आपल्या लेखात ती बाजूही यायला हवी होती.

आपला,
एक नियमित वाचक