आधी काढ, मग टाक

प्रिय निखिल,

पत्र मिळालं. नवा संगणक घरी आला, आता त्यात काय काय टाकू, असं विचारतोस. माझं ऐकशील तर सुरुवातीला काही टाकूच नकोस, आधी काढ. नव्या मशीनमध्ये बहुतेक वेळा गेम्स आणि थोडेच दिवस फुकट चालणारा अँटीव्हायरस भरून दिलेला असतो. मुदत संपली की तो अँटीव्हायरस सारखा भीती घालत बसतो. तो काढलास की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो. घरच्या वापराला तेवढा पुरे.

मग मराठीची सोय कर, कारण तू लिहिणारा माणूस. त्यासाठी वेगळं काही उतरवावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांमध्ये मराठी जोड आणि कीबोर्ड ‘मराठी फोनेटिक’ घे, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिता येतं. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबलास की इंग्रजीची मराठी होते. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी, तीही तिथेच आहे. शिकायला थोडा त्रास पडतो, पण एकदा हात बसला की वेग फार छान येतो. तुझ्या जुन्या कविता श्रीलिपीत, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फॉन्टवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत, टाइप केलेल्या असतील, तर नव्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. घाबरू नकोस, मजकूर शाबूत असतो. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्याव्या लागतील, आणि नंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावी लागतील, कारण गडबड होते ती तिथेच.

लिहायला, हिशेब मांडायला लिबरऑफिस घे. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा संच फुकट आहे आणि घरच्या कामात कुठे अडत नाही. फक्त दुसऱ्याला फाइल पाठवताना ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये वर्डचा प्रकार निवड, नाहीतर ‘उघडत नाही’ म्हणून फोन येतील. गाणी-सिनेमांना व्हीएलसी, तो केशरी शंकूवाला. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर जवळजवळ काहीही वाजवतो. झिप, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइली उघडायला सेव्हन-झिप. ब्राउझर कुठलाही चालेल, मी फायरफॉक्स वापरतो, कारण त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन नीट चालतं.

खरी मेख आहे ती हे सगळं कुठून उतरवायचं यात. शोधात वर जाहिराती येतात, आणि काही पानांवर हिरवीगार ‘डाउनलोड’ची बटणं असतात. खरा दुवा त्यांच्याखाली बारीक अक्षरांत दडलेला असतो. म्हणून बनवणाऱ्याच्याच साइटवर जा. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नकोस. मधल्याच एखाद्या पडद्यावर आधीच टिक केलेला चौकोन असतो, ‘हेही सोबत टाका’ म्हणणारा. ती टिक काढ. आणि ‘तुमचा संगणक वेगवान करतो’ म्हणणारं काहीही घेऊ नकोस, कितीही फुकट असलं तरी.

पासवर्डसाठी बिटवॉर्डन घे. एकच मोठा पासवर्ड पाठ करायचा, बाकीचे तो सांभाळतो. मात्र तो मोठा पासवर्ड विसरलास तर ती कंपनीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेव.

मुलांना वेगळं, साधं खातं काढून दे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं तुझ्याकडेच राहू दे. फोटोंची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत जा आणि झाली की डिस्क काढून ठेव. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही सोडत नाही.

फोटो दुरुस्तीचं विचारलं होतंस. जिंप आहे, पण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर