माझ्या रिपोर्टातला ‘कचरा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या विज्ञान पुरवणीत ‘जंक डीएनएत दडलाय ब्लड कॅन्सरचा इलाज’ हा लेख वाचला. मथळ्यातला ‘जंक’ही चुकला आहे आणि ‘इलाज’ही. पहिल्या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

मी २८ वर्षे सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. बारावीला जनुकांचा धडा आला की फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, तिचा बोटभर तुकडा पिवळ्या खडूने भरायचा आणि सांगायचे, “एवढाच कामाचा, यातून प्रथिने होतात. बाकीचे जंक. परीक्षेला नाही.” परीक्षेला नाही म्हटल्यावर मुले खूश. माणसाच्या डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिने कशी बनवायची ते सांगतो, हे खरेच आहे. उरलेल्यासाठी ‘जंक’ हे नाव १९७२ साली सुसुमु ओनो या शास्त्रज्ञाने रूढ केले आणि आम्ही ते वर्षानुवर्षे फळ्यावर उतरवत राहिलो.

तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासले. पांढऱ्या पेशी निघाल्या ३१ हजार. आधी वाटले लॅबवाल्यांनी बाटली बदलली असणार. मला ना ताप, ना अशक्तपणा. पुन्हा तपासले तरी तेच. पुढच्या तपासण्यांत निदान झाले : क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मग गुणसूत्रांची ‘फिश’ नावाची तपासणी झाली. त्या रिपोर्टाला एक फोटो जोडलेला होता. काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या गोल पेशी. प्रत्येकीत दोन हिरवे ठिपके आणि दोन लाल हवेत. माझ्या बहुतेक पेशींत हिरवे दोन होते, लाल मात्र एकच. खाली लिहिले होते : १३व्या गुणसूत्रावरचा ‘क्यू १४’ हा तुकडा गहाळ.

जन्मभर शिकवायची सवय. डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हे, “त्या तुकड्यात कोणते जनुक होते?” ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, हेच शोधण्यात लोकांची दहा-दहा वर्षे गेली.”

आपल्या लेखात हा भाग दोन ओळींत उरकला आहे. सीएलएलमध्ये सर्वांत जास्त आढळणारा गुणसूत्रातला बिघाड म्हणजे हाच गहाळ तुकडा. जर्मन संशोधकांनी ३२५ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला, त्यात ५५ टक्क्यांमध्ये तो सापडला. तेव्हा त्या जागी कर्करोगाला लगाम घालणारे एखादे जनुक असणार, असे धरून नव्वदच्या दशकात अनेक प्रयोगशाळा तिथे खणत होत्या. प्रथिन देणारी आजूबाजूची जनुके एकेक करून तपासली, पण दोषी कुणीच ठरेना. एका जागेला ‘डीएलईयू-२’ असे नाव पडले. नावाचा अर्थ इतकाच, की ल्युकेमियात गहाळ झालेले क्रमांक दोन. त्यातून आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली नक्कल, तयार होत होता, प्रथिन मात्र नाही. मग याचा उपयोग काय, हे कोणाला सुचेना.

उत्तर आले एका किड्याकडून. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन हे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर काम करत होते. त्याच्या वाढीचे वेळापत्रक सांभाळणारा एक चिमुकला आरएनए, अवघ्या बावीसेक अक्षरांचा, त्यांनी १९९३ मध्ये जगापुढे आणला. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. दुसऱ्या जनुकाचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएवर जाऊन बसतो आणि त्याचे प्रथिन होऊ देत नाही. असेल किड्यांचे काही, म्हणून जगाने बरीच वर्षे लक्ष दिले नाही. २००० मध्ये असाच दुसरा सापडला, तो माणसातही निघाला. अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकुन यांना नोबेल मिळाले ते २०२४ मध्ये.

२००२ मध्ये फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांनी गहाळ तुकड्याचा शोध डीएलईयू-२ च्या पोटापर्यंत आणला. तिथे त्यांना असेच दोन चिमुकले आरएनए, म्हणजे मायक्रोआरएनए, मिळाले : क्रमांक १५ए आणि १६-१. सीएलएलच्या सुमारे ६८ टक्के रुग्णांत ते नाहीसे तरी झाले होते किंवा कमी तरी पडले होते. मायक्रोआरएनएचा कर्करोगाशी संबंध दाखवणारा हा पहिला पुरावा. मी पिवळ्या खडूने कधी भरली नाही त्या रेघेतून तो मिळाला.

हे दोन मायक्रोआरएनए करतात काय? शाळेतलाच दाखला देते. आमच्या कॉलेजातले शिपाईमामा एक अक्षर शिकवत नसत. पण ते रजेवर असले की घंटा वाजायची नाही, तास संपायचा नाही, वर्गातली मुले बाहेर पडायची नाहीत आणि पुढची तुकडी दारात खोळंबायची. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींनाही वेळ झाली की जावे लागते. त्यांना मरू न देणारे बीसीएल-२ नावाचे एक प्रथिन असते. १५ए आणि १६-१ त्या प्रथिनाला आवरून धरतात, हे २००५ मध्ये दिसले. आवरणारेच गेले तर पेशी मरायचे नाव घेत नाहीत. सीएलएलच्या पेशी धडाधड वाढतात म्हणून साठतात असे सगळ्यांना वाटते. त्यापेक्षा त्या वेळेवर जात नाहीत, हे मोठे कारण आहे. गंमत अशी, की बीसीएल-२ चे जनुक लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या अभ्यासातून ऐंशीच्या दशकात हुडकून काढले तेही क्रोचे यांच्याच गटाने. वीस वर्षांनी तेच जुने गिऱ्हाईक दुसऱ्या दाराने त्यांच्याकडे आले.

सगळा दोष या दोघांच्या माथी मारणेही बरोबर नाही. उंदरांवरचे प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त हे दोन मायक्रोआरएनए काढले तेव्हाही उंदरांना सीएलएलसारखा आजार झाला. पण आसपासचा मोठा तुकडा काढला तेव्हा तो जास्त उंदरांत आणि जास्त जोराने झाला. म्हणजे त्या गल्लीत आणखी कोणीतरी राहते. शिवाय प्रथिन न घडवणारा प्रत्येक आरएनए पेशीचा रखवालदारच असतो असेही नाही. क्रमांक १५५ चे उलटे आहे. त्याचे जनुक आधी कोंबड्यांच्या लिम्फोमात सापडले होते, एका विषाणूच्या घुसखोरीमुळे चाळवलेले. प्रथिन देत नाही म्हणून तेही बराच काळ कोडेच होते. २००६ मध्ये उंदरांच्या बी-पेशींत, म्हणजे एका प्रकारच्या लिम्फोसाइटमध्ये, त्याचे प्रमाण मुद्दाम वाढवले, तर त्यांना ल्युकेमिया झाला.

आता ‘इलाज’. आपला लेख आल्यापासून माझा फोन थांबलेला नाही. पुतण्या पुण्याहून म्हणतो, “काकू, ती मायक्रोआरएनएची टेस्ट करून टाका.” एका लॅबच्या प्रतिनिधीने तर ‘आरएनए पॅकेज’ घरी येऊन करून देतो म्हणून दोनदा गळ घातली. माझ्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये अशी तपासणी नाही. सीएलएलमध्ये निर्णय ठरतो तो फिश, टीपी-५३ जनुकाची स्थिती, आयजीएचव्ही नावाची तपासणी आणि रुग्णाची तब्येत यांवर. मायक्रोआरएनए आज अभ्यासाचा विषय आहे. त्याचे पॅकेज विकत घेऊन माझ्या उपचारात काडीचा फरक पडणार नव्हता.

औषधाचे म्हणाल तर मायक्रोआरएनएवर चालणारे ल्युकेमियाचे मंजूर औषध आज नाही. मायक्रोआरएनएची नक्कल कर्करोगाच्या रुग्णांना टोचून पाहण्याची पहिली चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. तो क्रमांक ३४ए होता. प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये ती थांबवावी लागली. याचा उल्लेख लेखात असता तर निम्मे फोन आले नसते. त्याच २०१६ साली अमेरिकेत सीएलएलसाठी व्हेनेटोक्लॅक्स मंजूर झाले. ती गोळी थेट बीसीएल-२ लाच गाठते. शिपाईमामा परत आलेले नाहीत, दुसऱ्याच कुणीतरी घंटा वाजवली म्हणा. पण ती मायक्रोआरएनएच्या शोधातून निघालेली नाही. बीसीएल-२ प्रथिनाच्या वेगळ्या, जुन्या अभ्यासातून आली. लेखकाने दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या आहेत, तेवढी गाठ सोडवायला हवी.

आणखी एक. लेखात सगळ्याच ल्युकेमियांना ‘ब्लड कॅन्सर’ म्हणून एका पोत्यात भरले आहे. त्यामुळे कुणी मला बोन मॅरो बदलायला सांगते, कुणी आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कार-टी उपचाराची, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत सोडण्याची, चौकशी करायला. २०२३ मध्ये मंजूर झालेला तो उपचार अभिमानाचाच आहे, पण इतर औषधांना न जुमानणाऱ्या आजारांसाठी. मला सध्या एकही गोळी चालू नाही. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे, काखेत-मानेत गाठी वाढल्या का ते बघायचे, बस. लेखातल्या ‘घातक’ तुकड्याबद्दलही सांगते : वर म्हटलेल्या ३२५ रुग्णांमध्ये ज्यांच्यात फक्त हाच बिघाड होता, ते बाकी सगळ्या गटांपेक्षा जास्त जगले. घातक शब्द वाचून माझी बहीण रात्रभर झोपली नाही.

‘जंक’ऐवजी ‘प्रथिन न घडवणारा’ असे छापावे, ही विनंती. शब्द लांबतो, कॉलममध्ये बसायला त्रास होईल, पण खोटा तरी नाही. त्या सगळ्या डीएनएला काम असतेच, असे उलट टोकही गाठू नये. किती भागाला खरोखर काम आहे यावर शास्त्रज्ञ अजून भांडत आहेत.

दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीत, त्याच पानावर छापा. माझे पुष्कळ विद्यार्थी आपला अंक घेतात, काही जण स्वतः शिकवतात. पिवळ्या खडूची ती रेघ त्यांच्या वहीत माझ्यामुळे आहे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सांगली
(कृपया नाव छापू नये.)