‘इथे कोण नाही?’ असं विचारणारा खेळ हवा

मा. संपादक,
स. न.

मी नागपुरात गेली वीस वर्षं चित्रकला शिकवते. बी.एफ.ए. करणारी माझी भाची परवा मोबाइलवर कलाइतिहासाचा एक खेळ खेळत होती. ‘ही मूर्ती कोणत्या शतकातली?’ खाली चार पर्याय, उत्तर बरोबर आलं की टाळ्या. तासाभरात तिने ऐंशी प्रश्न संपवले. त्यातल्या एका तरी मूर्तीचे हात कसे होते, असं मी विचारलं. तिला आठवेना.

रविवारी तिला घेऊन रामटेकला गेले. गडावरच्या केवल नरसिंहासमोर उभं करून एवढंच विचारलं, “हिरण्यकशिपू कुठाय?” पोरगी शोधत राहिली. मांडीवर नाही, पायाशी नाही. सिंहमुखी देव एक गुडघा वर घेऊन, हातात चक्र धरून एकटाच बसलेला. “मावशी, हा तर चिडलेलाच नाही!” मग त्या काळी विदर्भावर राज्य करणारे वाकाटक कोण, त्यांची राणी प्रभावतीगुप्ता कोण, पाचवं शतक म्हणजे नेमकं केव्हा, हे सगळं परतीच्या एसटीत तिनेच विचारून घेतलं.

खेळ असा रचला पाहिजे. आधी नजर अडकवायची, नाव आणि साल मागाहून. उत्तर चुकलं तर लाल फुली कशाला? मूर्तीचा तोच भाग मोठा होऊन समोर यावा. बोटाने दिवा फिरवता यावा, कारण बाजूने उजेड पडला की छिन्नीचं काम उठून दिसतं. पुढच्या टप्प्यावर पवनीच्या स्तूपाचा खांब ठेवा. पावसात बुद्धावर छत्र धरणाऱ्या मुचलिंद नागाने फणा उभारलाय, पण खाली आसन रिकामं. बुद्ध कुठे गेला? त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत, हे मग पाठ करावं लागत नाही. तिथून अजिंठ्याला जाता येईल. सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वत्सगुल्मच्या, म्हणजे आपल्या वाशीमच्या, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री! विदर्भातल्या मुलांना हे परीक्षेनंतरही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

१८६३ पासूनचा आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, शहरातच आहे. संग्रहालयाने तिथल्या दहा मूर्तींचे चारी बाजूंनी नीट फोटो काढू द्यावेत आणि इथल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी साध्या फोनवर चालेल असा मराठी खेळ करावा. प्रश्न काढायला मी आणि माझे विद्यार्थी दर रविवारी येऊ.

— एक कलाशिक्षिका, धरमपेठ, नागपूर