बाबा, उद्या पहाटे टीव्हीसमोर बसा

शिकागो
बुधवार, २ नोव्हेंबर २०१६, सकाळ

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रात्री झोप अशी लागलीच नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. लिहून झालं की पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, म्हणजे सांगलीत तुम्हाला झोपायच्या आत वाचता येतील. आई, ऱ्हस्व-दीर्घ तपासू नकोस. दर रविवारी समोर बसवून आजीला पत्र लिहायला लावायचीस, त्या शिदोरीवर अजून चाललंय.

मुद्दा एकच आहे आणि तो बाबांसाठी आहे. बाबा, आज संध्याकाळी इथे सातनंतर, म्हणजे तुमच्याकडे उद्या पहाटे साडेपाचनंतर, आपल्या शिकागो कब्सचा बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजमधला सातवा, निर्णायक सामना सुरू होतोय. तो तुम्ही बघायचा. अंगणात फेऱ्या मारायच्या नाहीत, दूध आणायला म्हणून निघून कोपऱ्यावर तासभर उभं राहायचं नाही, आणि "मी बघितलं की हरतात" हे तर अजिबात म्हणायचं नाही.

कालचा सामना आईने बघितलाच असेल. तिसऱ्या इनिंगमध्ये अ‍ॅडिसन रसेलने बेस भरलेले असताना होमरन मारला, तेव्हा तुमची नात सोफ्यावरून उडाली आणि भाऊबीजेच्या ताटातल्या करंज्या गालिचावर. ९-३. म्हणजे तीन-तीन बरोबरी. शनिवारी रात्री आपण एक-तीनने मागे होतो, हे आता खरंसुद्धा वाटत नाही. आई, तू पाठवलेलं कालनिर्णय फ्रिजवर लावलंय आणि यंदा त्यावरच मी निकाल लिहितेय. दसऱ्याला जायंट्सविरुद्ध नवव्या इनिंगला २-५ असे मागे होतो, तिथून चार धावा काढून सीमोल्लंघन झालं. मग बावीस तारखेला डॉजर्सना हरवलं आणि १९४५ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिजमध्ये पोचलो. धनत्रयोदशीला ०-१. नरकचतुर्दशीला कारीट आपलंच फुटलं, २-७. आणि लक्ष्मीपूजनाला, पूजा आटोपून समया तेवत असताना, ३-२ ने जिंकलो. आपल्या घरच्या मैदानावर, रिगली फील्डवर, वर्ल्ड सीरिजचा सामना कब्सनी जिंकला त्याला एकाहत्तर वर्षं झाली होती.

समोरचा संघ क्लीव्हलँड इंडियन्स आहे, यावरून शेजारचे काका तुमची चेष्टा करतात म्हणे. "इंडियन्स हरावेत म्हणून तुम्ही देव पाण्यात ठेवलेत?" त्यांना सांगा, त्या बिचाऱ्यांनीही १९४८ पासून जिंकलेलं नाही, पण आमची रांग जास्त लांब आहे. १९०८ पासूनची. एकशे आठ वर्षं. आई, बेसबॉलच्या चेंडूवर दुहेरी टाके किती असतात ठाऊक आहे ना? एकशे आठ. तुझ्या जपमाळेचा हिशेब तू करच.

काल रात्री तुझी लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. सांगलीच्या पेठेतून हिशेबासाठी आणलेली, खतावणीसारखी लांबट. डाव्या पानावर दूध, भाजी, घरभाडं, लाँड्रीची नाणी; उजव्या पानावर कब्स. डेव्हनजवळच्या त्या दुमजली घरात तू मला घेऊन दिवसभर एकटी. बाबा कारखान्यात. रिगलीवर दिवे नव्हते, त्यामुळे सगळे सामने भर दुपारी, आणि आपल्या टीव्हीवर धड दिसणारी वाहिनी एकच, डब्ल्यूजीएन. समालोचक हॅरी केरी बोलायचा आणि तू त्याच्याकडून इंग्रजी शिकायचीस. अजून तू त्याचं "होली काऊ" म्हणतेस तेव्हा कुणाला हसू आवरत नाही, पण त्यातला "होली" तू अगदी गोमातेच्या श्रद्धेने म्हणतेस हे फक्त मलाच माहीत आहे.

स्कोअर लिहायला तुला वरच्या मजल्यावरच्या पोलिश आजोबांनी शिकवलं. मागच्या जिन्यावर ते रेडिओ घेऊन बसायचे, तू खालच्या पायरीवर गवारीच्या शिरा काढत. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा. तू ते सगळं देवनागरीत लिहिलंस. डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे आउट, झाला की ६-४-३. बॅटर बॅट फिरवून आउट झाला की "क". नुसता बघत उभा राहून आउट झाला, तर बाकीचे लोक उलटा के लिहितात. तू "क" आडवा पाडलास, झोपलेला. किती बरोबर आहे ते! मी नातीलाही तसंच शिकवलंय. शाळेतल्या मित्राला तिने काल समजावून सांगितलं, "ही इज स्लीपिंग, सो द क इज स्लीपिंग."

बाबा, तुम्ही मात्र सुरुवातीला नाकं मुरडायचात. "यापेक्षा विटीदांडू बरा." मग २३ जून १९८४. शनिवार होता, तुम्ही स्वयंपाकघराला रंग देत होतात. राइन सँडबर्गने कार्डिनल्सच्या ब्रूस सटरला नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून बरोबरी केली. दहाव्यात पुन्हा मागे पडलो, पुन्हा त्यानेच सटरलाच होमरन मारून बरोबरी केली. अकराव्यात आपण १२-११ ने जिंकलो. तुमच्या हातातला ब्रश तोवर वाळून कडक झाला होता आणि भिंतीचा अर्धा भाग पुढच्या रविवारपर्यंत तसाच राहिला. वहीतलं ते पान मी आत्ता उघडून ठेवलंय. कडेला पिवळ्या रंगाचा ठिपका आहे.

त्याच ऑक्टोबरात पॅड्रेसविरुद्ध पहिले दोन्ही सामने जिंकून तिकडे सॅन डिएगोला गेलो आणि ओळीने तीन हरलो. शेवटच्या दिवशी पहिल्या बेसवाल्याच्या दोन पायांमधून सरळ सरपटत चेंडू गेला. मी पाच वर्षांची, मला एवढंच आठवतं की घरात कुणी जेवलं नाही. वहीत तू त्या दिवशी उजव्या पानावर सामना पुरा केलास आणि डावीकडे "पोहे २ पौंड" लिहिलंस.

पुढची वर्षं भराभर उलटली मी. दिवे लागले ते वर्ष, ८ ऑगस्ट १९८८: रिगलीवरचा पहिला रात्रीचा सामना पावसात वाहून गेला, आणि तू म्हणालीस की देवालाही स्वयंपाकाच्या वेळी सामने नकोत. १९९८, ज्या वर्षी हॅरी केरी गेला आणि सॅमी सोसाने सहासष्ट होमरन मारले. (त्या होमरनांबद्दल पुढे जे बोललं गेलं ते असू दे. त्या उन्हाळ्यात आपण खूश होतो.)

आणि मग १४ ऑक्टोबर २००३.

बाबा, मला माहीत आहे की हे पान तुम्ही कधी उघडलं नाहीत. आठवी इनिंग, एक आउट झालेला, ३-० ने पुढे. आणखी पाच आउट, की वर्ल्ड सीरिज. पोलिश आजोबांना तुम्ही मुद्दाम गाडीने जाऊन शॉमबर्गच्या घरी आणलं होतं. तेव्हा तुम्ही उठलात, सांगलीला काकांना फोन लावलात आणि म्हणालात, "जिंकलो रे!" तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत डाव्या बाजूला तो उंच फाउल गेला, आपल्या मोइझेस अलूने झेलासाठी उडी मारली आणि कठड्यावरच्या प्रेक्षकांतल्या एकाचा हात चेंडूला लागला. पुढे समोरच्यांच्या आठ धावा. फोनवर काका विचारत राहिले, "अरे काय झालं?"

शहराने त्या बिचाऱ्या प्रेक्षकाच्या नावाने शिमगा केला. घरात तुम्ही स्वतःच्या नावाने केलात. वहीत काय आहे ते सांगते. त्या फाउलपाशी आईने काहीही लिहिलेलं नाही, कारण स्कोअरमध्ये त्याला जागाच नसते. फाउल तो फाउल. पुढे मात्र डबल प्लेचा सोपा चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातून निसटला, तिथे "चूक ६" असं लिहिलंय आणि पेन्सिल इतकी दाबलीय की मागच्या पानावर बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागतं. तुमच्या फोनची नोंद कुठेही नाही. मी दोनदा पाहिलं.

त्यानंतर तुम्ही बघणंच सोडलंत. कब्सना लागलाय म्हणतात त्या शेळीच्या शापाला हसणारा, आयुष्यभर यंत्रांच्या तक्त्यांवर विश्वास ठेवणारा माणूस, आणि ऑक्टोबर आला की बागेतली पानं गोळा करायला बाहेर! २००८ मध्ये तुम्ही एकही चेंडू पाहिला नाहीत. तीन सामन्यांत डॉजर्सनी आपल्याला घरी पाठवलं. गेल्या वर्षी तुम्ही तर सांगलीत होतात, आईने टीव्ही लावला की गच्चीवर जात होतात. मेट्सनी ४-० ने धुतलं. मग तुमच्या न बघण्याचा उपयोग काय झाला, इंजिनीअरसाहेब?

आणि एक गोष्ट आईने फोनवर सांगितली, तिच्यावर रागावू नका. पाडव्याला सकाळी, म्हणजे आमच्या रविवार रात्रीच्या सामन्यात, आपला पिचर चॅपमन सातव्या इनिंगमध्ये आला तेव्हा तुम्ही चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होतात. "मी चहा पितोय," म्हणालात म्हणे. त्याने एकट्याने शेवटचे आठ आउट काढले. आठही तुम्ही बघितलेत. चहा गार झाला. आणि आपण जिंकलो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत रेड लाइन ट्रेनने अ‍ॅडिसन स्टेशनला गेले होते. रिगलीच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूने नावं लिहितायत. वेव्हलँडच्या बाजूला, शेफील्डच्या बाजूला, हात पोचेल तिथपर्यंत, आणि त्याच्याही वर, कुणाच्या तरी खांद्यावर चढून. बहुतेक सगळी गेलेल्या माणसांची. आजी, वडील, काका, कुणाचा तरी शिक्षक. खडू कुणाचाही कुणीही घेतं. मी नातीचा रांगोळीचा गुलाबी खडू नेला होता. पोलिश आजोबांचं नाव लिहायचं होतं. २००४ च्या हिवाळ्यात ते गेले. पंचेचाळीस साली शाळकरी मुलगा असताना याच भिंतीबाहेर उभं राहून आतला आवाज ऐकल्याचं ते दर वर्षी सांगायचे.

भिंतीपाशी उभी राहिले आणि लक्षात आलं की त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग मला येत नाही. आपण नेहमी आजोबाच म्हणायचो. पण तुझं डावं पान डोळ्यांसमोर होतं: दर महिन्याच्या एक तारखेला घरभाडं, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, तुझ्या अक्षरात, देवनागरीत. तसंच लिहिलं. वीट खरखरीत, अर्धा खडू त्या एका नावातच संपला. शेजारच्या बाईने विचारलं, ही कुठली लिपी? मी म्हटलं, मराठी. ती म्हणाली, आणि हे नाव? मी म्हटलं, पोलिश. ती बराच वेळ हसत होती.

तुमची नावं लिहिली नाहीत. जिवंत माणसांची लिहिणारेही होते तिथे, पण आई, तू मला फोनवरूनच फटका दिला असतास.

बाबा, १९८३ चा वर्ल्ड कप तुम्ही कसा पाहिलात ते तुम्हीच सांगत आलायत. इथे कुठे दाखवला नाही. भारतातून माझ्या आजोबांचं निळं एअरोग्राम आलं तेव्हा जुलै उजाडला होता, आणि कपिलने विवियन रिचर्ड्सचा झेल मागे धावत जाऊन कसा घेतला ते तुम्ही त्यांच्या बारीक अक्षरात वाचलंत. अजूनही तो झेल तुम्ही आजोबांच्याच शब्दांत सांगता. हा सामना मी तुम्हाला पत्राने कळवणार नाही. आधीच सांगून ठेवते.

आज आपल्याकडून पिचर हेंड्रिक्स आहे. या मोसमात दोन्ही लीग मिळून सगळ्यांत कमी धावा त्याच्याविरुद्ध निघाल्या, नऊ इनिंगमागे २.१३. वेग म्हणाल तर ताशी नव्वद मैलांच्याही खाली. तुम्हाला आवडेल, बेदीच्या जातीचा आहे. बॅटरला वाटतं मारू, आणि तेवढ्यात चेंडू भलतीकडे. त्यांच्याकडून क्लूबर, ज्याने आपल्याला पहिल्या आणि चौथ्या सामन्यात हरवलं. पण तीनच दिवसांची विश्रांती घेऊन येतोय. श्वार्बरही खेळेल. एप्रिलमध्ये गुडघा फाटला, वर्षभर घरी, आणि वर्ल्ड सीरिजला उठून आला! मला काळजी फक्त चॅपमनची. रविवारी आठ आउट काढून घेतले, आणि काल पाच धावांनी पुढे असताना आपल्या मॅनेजर मॅडनने त्याला पुन्हा का उतरवलं हे मला कुणी समजावून सांगा. हात माणसाचाच आहे ना?

आता कामाचं. भाच्याला सांगितलंय, तो पाच वाजता येऊन लॅपटॉप टीव्हीला जोडून देईल. माझा पासवर्ड त्याच्याकडे आहे. चित्र अडकलं तर पाच मिनिटं थांबा, सगळ्या वायरी उपटू नका. आई, नवी वही आखून ठेव. पहिल्या ओळीत नेहमीप्रमाणे फाउलर असेल. मी तुझ्या लाल वहीला मागे कोरे कागद शिवलेत, मी त्यात लिहीन. नंतर ताडून बघू. बाबांची खुर्ची टीव्हीसमोर मधोमध ठेव, दारात नको. तिथे पहाटे गारठा असतो, शाल घ्या.

आणि बाबा, शेवटचा आउट होईपर्यंत काकांना फोन लावायचा नाही.

तुमची लेक